बर्फावरची चकती

सर सकाळी प्रयोगशाळेत आले की आधी एका रबरी हाताशी हस्तांदोलन करायचे.

तो हात काचेच्या पेटीचा होता. आमच्या कामाला हवेतला ओलावा अजिबात चालत नसे, म्हणून त्या पेटीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरलेला असायचा. बाहेरून आत हात घालून काम करता यावं म्हणून तिला दोन लांब काळे हातमोजे बसवलेले होते. आतल्या वायूचा दाब थोडा जास्त असल्यामुळे ते फुगून बाहेर, खोलीत, ताठ उभे राहायचे. सर दाराशी चपला काढत, उजव्या मोज्याचा पंजा हातात घेत, दोनदा हलवत आणि विचारत, "काय, बरं हाय ना?" पंजा टणक लागला तर बरं. मऊ लागला तर कुठेतरी गळती. मग साबणाचा फेस आणि ब्रश घेऊन दिवसभर ती शोधत बसायचं काम माझ्याकडे.

पहिल्या दिवशी हे बघितलं आणि घरी जाऊन मी आईला सांगितलं की मला मिळालेले गाइड थोडे हललेले आहेत. आई म्हणाली, "थोडे हललेले चालतात गं, चिडके नकोत." त्या बाबतीत माझं नशीब चांगलं होतं. सरांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. चिडायला माणूस आधी जागेवर असावा लागतो, आणि सर बहुतेक वेळा दुसरीकडेच कुठेतरी असत.

तेव्हा मी नुकतीच एमएस्सी होऊन पनवेलच्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली पीएचडीला लागले होते. मोबाइलला अजून बटणं होती आणि पनवेलात आठवड्यातून दोनदा तरी लाईट जायची. आमचं काम बॅटरीचं होतं. नेहमीच्या बॅटरीच्या पोटात एक द्रव असतो. लिथियमचे आयन, म्हणजे लिथियमचे विद्युतभारित कण, त्या द्रवातून या टोकाकडून त्या टोकाकडे जातात. अडचण एवढीच की तो द्रव पेट घेतो. सरांना त्याच्या जागी घट्ट, न जळणारी चकती हवी होती. एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला लिथियम धातू आणि मधे ही चकती. लिथियम, लँथेनम आणि झिर्कोनियमची पूड एकत्र दळायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. निघायचं काय, तर शर्टाच्या बटणाएवढं पांढरं काहीतरी, खाली पडलं की टिचणारं. आणि या टिचक्या दगडाच्या आतून लिथियम चालत गेला पाहिजे, असा आमचा हट्ट.

सर हे इतकं लांबलचक सांगत नसत. कोणी विचारलं की म्हणत, "दगडातून कोणीतरी चालत जातंय. त्याची वाट बघतोय." विचारणारा पुढे काही विचारत नसे.

बरं, हा उद्योग करायला जागा कुठली, तर पनवेल. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे घामाने भिजलेली माणसं. जूनपासून स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी घासून घासून तुटते. आमची चकती तर मिठाहून नाजूक. उघड्यावर राहिली की हवेतला ओलावा ओढून घ्यायची, वर एक नको असलेला थर चढायचा, आणि महिन्याची मेहनत वाया. त्यामुळे सर अख्ख्या गावाकडे ओलावा मोजायच्या नजरेने बघत. ते सिलिका जेलच्या पुड्या जमवायचे. नव्या चपलांच्या खोक्यात ती छोटी पांढरी पुडी असते ना, 'खाऊ नका' असं लिहिलेली, ती. त्यातले मणी काढून त्यात प्रयोगशाळेतले थोडे निळे मणी मिसळायचे. कोरडे असेपर्यंत ते निळे राहत, ओलावा प्यायले की गुलाबी होत. मग ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचे. सरांच्या टेबलावर, खिडकीत, कपाटात, डब्याशेजारी मण्यांच्या वाट्या असत. त्या बघून ते दिवस ठरवत. "आज गुलाबी दिवस आहे," म्हणाले की पेटी उघडायची नाही, कागदपत्रं आवरायची.

पुड्यांचा मुख्य पुरवठा बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानातून व्हायचा. तिथले चाचा दर शनिवारी एक पिशवी बाजूला काढून ठेवत. त्यांचा मुलगा सरांचा विद्यार्थी, तेव्हा आखातात नोकरीला होता. सर दुकानासमोरून गेले की चाचा गल्ल्यावरून उठून हाक मारत, "सर, तुमची अमानत!" एकदा सर येऊ शकले नाहीत म्हणून मी गेले, तेव्हा चाचांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बेटी, खरं सांग. सर हे खात तर नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही हो चाचा."

"अल्हमदुलिल्लाह," चाचा म्हणाले, आणि आणखी दोन पुड्या घातल्या.

सर मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे. घर मासेमारीचं. मोठा भाऊ बोटीवर जायचा, वहिनी पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. वर्गात सर छान प्रमाण मराठी बोलत, पण आनंद झाला किंवा घाबरले की मोऱ्याची बोली तोंडात यायची. मला ते 'बाय' म्हणत. लहानपणी शेजारच्या मिठागरांवर जाऊन ते तासन्‌तास बसायचे, असं सांगत. उथळ वाफ्यात पाणी उभं असायचं, वारा पडलेला, उन्हाने डोळे मिटलेले, आणि भर दुपारी कधीतरी पाण्यावर पहिली साय धरायची. "मीठ येताना आवाज करतं," सर म्हणत. "फार बारीक. आपण हललो की बंद." मी विचारलं, कसला आवाज? त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "कोणीतरी बसतं ना खाली, चालून दमल्यावर. तसा."

पावसाळ्यातल्या दुपारी प्रयोगशाळेत पंपाची संथ घरघर चालू असे. बाहेर सगळं हिरवं आणि भिजलेलं, आत काचेमागे पनवेलातली एकमेव कोरडी जागा. सर दोन्ही हात मोज्यांत घालून स्टुलावर बसत, लिथियमची चंदेरी पट्टी कापायला घेत आणि तसेच झोपी जात. धड या जगात, हात त्या जगात. मी आधी आधी घाबरून हाक मारायचे. नंतर कळलं की झोपेतही त्यांच्या बोटांनी चिमटा सोडलेला नसतो. एकदा डोळे मिटलेले असतानाच ते म्हणाले, "तो दमलाय, घाई करू नको." जागे झाल्यावर मी विचारलं, कोण दमलाय? त्यांना आठवेना. मला मात्र त्या खोलीत तेव्हा फार शांत वाटायचं, हे मी कबूल करते. इतकं शांत मला नंतर कुठे वाटलेलं नाही.

दर जानेवारीत सर वर्गाला कर्नाळ्याला नेत. लोक तिथे पक्षी बघायला जातात. सर सुळक्याच्या पायथ्याशी जाऊन खडकावर तळवा टेकवून उभे राहत. "हा उभा आहे असं वाटतं तुम्हाला," पोरांना सांगत. "आत चालू आहे. आपल्याला वेळ कमी आहे म्हणून दिसत नाही." एका वर्षी गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ चवड्यांवर चालत त्यांच्याजवळ आले आणि कुजबुजले, "काही दिसलं का?" सर तितक्याच हळू म्हणाले, "अजून नाही. वेळ लागेल." ते गृहस्थ कॅमेरा रोखून अर्धा तास खडकाकडे बघत उभे होते. आम्ही डबे खाऊन परत आलो तरी तिथेच होते.

आता बर्फाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

चकती चांगली निघाली की सर ती बर्फावर ठेवून बघत. आपल्याकडे बाळाची पाचवी करतात तसा हा त्यांचा नेम होता. कारण साधं होतं. दगडातून आयन चालत असतील तर थंडीत ते मंदावतात. मग त्यांना ढकलायला जास्त जोर लागतो, आणि पडद्यावरची रेघ वर चढते. सर याला 'झोपला' म्हणत. रेघ चढली की त्यांचा चेहरा फुलायचा. "झोपला! म्हणजे खरा हाय." बर्फ प्रयोगशाळेचा नसायचाच. वहिनीकडून यायचा, थर्माकोलच्या पेटीतून, बांगड्याच्या वासासकट. चकतीला तारा लावून, हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती त्यात पुरायची. आमच्या सगळ्या नोंदवह्यांना मासळीचा वास होता, आणि मी शाकाहारी घरातली.

सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. आमच्या खोलीवर प्राचार्यांचा डोळा होता, त्यांना तिथे संगणक लावायचे होते. वाचायचा एकच मार्ग होता. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेची समिती मार्चमध्ये येणार होती. तिला एक चालता सेल दाखवता आला, म्हणजे लिथियम, चकती, लिथियम असा जोड, ज्यातून महिनोन्‌महिने विनातक्रार ये-जा चाललीय, तर प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार होती. मग खोली राहणार, सर निवृत्तीनंतरही येऊ शकणार आणि माझी पीएचडी पुरी होणार. नाहीतर दोघांचंही बस्तान उठणार.

डिसेंबरात आम्ही एक सेल लावला. रेघ थोडी उंचच होती, म्हणजे जोर जास्त लागत होता, पण चालत होता. मग जानेवारीतल्या एका सोमवारी मी सकाळी आले आणि बघते तर रेघ एकदम खाली आलेली. बुटकी, सपाट, सुंदर. रेघ जितकी बुटकी तितकी चकती चांगली, हे आमचं गणित. रविवारी कधीतरी ती धाडकन पडली होती आणि तेव्हापासून हललेली नव्हती. मला वाटलं, लाईट गेली असणार, यंत्र बंद पडून परत सुरू झालं असणार, आणि त्या धक्क्याने चकती आणि लिथियम एकमेकांना नीट चिकटले असणार. तेव्हा आम्ही सगळ्याचं खापर लाईटवर फोडत असू. मी वहीत लिहिलं, 'रविवारी लाईट गेली. पुन्हा सुरू.' आलेख काढताना आधीचा भाग गाळून टाकला आणि सोमवारपासून सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा बघितली होती. आमच्या भट्टीवर आकड्यांचं घड्याळ होतं. लाईट जाऊन आली की त्यावर नुसती शून्यं लुकलुकत, मग कोणीतरी वेळ लावायची. रविवारभर खोलीला कुलूप होतं, तरी त्या सोमवारी ते बरोबर वेळ दाखवत होतं. मी बघितलं आणि मान वळवली. एवढंच केलं मी. मान वळवली.

सरांनी रेघ बघितली आणि पडद्यावर बोट ठेवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरवली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी वहिनीच्या हातून दोन पापलेटं आली. शाकाहारी घर, आईची तारांबळ उडाली. शेजाऱ्यांनी आनंदाने खाल्ली.

पुढचे दोन महिने सर आल्यावर मोज्याशी हात मिळवून थेट त्या रेघेपुढे बसत. बर्फाचा विषय त्यांनी दोनदा काढला. मी दोन्ही वेळा म्हटलं, "सर, चालता सेल हलवायचा नाही. समिती येऊन जाऊ दे." ते लगेच मान डोलावत. बर्फ का नको वाटतोय, हे मी स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

समिती यायला आठवडा होता. मी दुपारी जेवून आले तर खोलीत बांगड्याचा वास. टेबलावर थर्माकोलची पेटी, तिच्यातून बाहेर आलेल्या दोन तारा, आणि सर समोर हनुवटी हातावर टेकून.

"सर, हे काय केलंत?"

"रागवू नको बाय. नुसतं बघू दे. एकदा झोपलेला बघतो नि परत ठेवतो."

त्यांच्या मनात संशय नव्हता. ते मला आजही खात्रीने वाटतं. लेकरू झोपलेलं बघायला आई उठते ना, तसे ते आले होते.

एरवी पाव तासात रेघ चढायला लागायची. पाव तास झाला. अर्धा तास झाला. सरांनी आणखी बर्फ घातला, पिशवी आत दाबली. रेघ जिथे होती तिथेच. 

"हा झोपत नाय गं," सर म्हणाले.

"तार सैल असेल. पिशवीत हवा राहिली असेल."

त्यांनी मान हलवली. पिशवी बर्फातून वर काढली, बोटांनी दाबून बघितली. "धातूला झोप नसते," ते म्हणाले. "बारीक केस गेलाय आरपार."

मला सगळं कळलं. चकतीच्या कणाकणांमधल्या फटींतून लिथियमचा केसासारखा तंतू वाढत वाढत या बाजूचा त्या बाजूला जाऊन टेकला होता. तेव्हापासून वीज त्या तंतूतून, साध्या तारेतून जावी तशी, जात होती. म्हणूनच जोर लागत नव्हता. दोन महिने आम्ही जी रेघ बघून खुश होत होतो तिच्यात दगडातून कोणीही चालत नव्हतं.

सरांनी माझी वही ओढली. पानं उलटली. 'रविवारी लाईट गेली' यावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी मान वर करून भट्टीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"त्या रविवारी लाईट गेली होती?"

"हो सर," मी म्हटलं.

"बरं," म्हणून त्यांनी वही मिटली.

मग मी बोलायला लागले ते थांबेचना. समिती बर्फ लावणार नाही. ते लोक तासभर येतात, चहा घेतात, पडद्याकडे बघतात, जातात. मुदतवाढ मिळाली की आपण नवीन सेल लावू, खरा लावू, कोणाचं काय बिघडतं? खोली जाईल सर. पेटी जाईल. माझी तीन वर्षं जातील. सर ऐकत होते, पिशवीवरचं पाणी रुमालाने पुसत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "बरोबर हाय तुझं." मी त्याचा मला हवा तो अर्थ घेतला. घरी जाताना मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.

समितीत तिघे होते. प्राचार्य टाय लावून आले. मी आलेख दाखवला. त्यातले सर्वांत वयस्कर सदस्य चष्मा वर करून म्हणाले, "एक्सलंट! फारच स्टेबल आहे हो." प्राचार्य माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. तेवढ्यात सर आत आले. दोन्ही हातांत थर्माकोलची पेटी.

"साहेब, पाच मिनिटं. एक गंमत दाखवतो."

खोलीत वास पसरला. एका सदस्याने नाकाला रुमाल लावला. सरांनी आधी एक जुनी, साधीसुधी, उंच रेघेची चकती बर्फात ठेवली. रेघ आणखी वर चढली. "हा झोपला," सर म्हणाले. मग आमचा तो नावाजलेला सेल ठेवला. सगळे बघत राहिले. काहीच झालं नाही.

"याला थंडीच वाजत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज उत्साहाने भरला होता. "म्हणजे हा तो नाही. तार झालीय आतून. आमचा सेल दोन महिन्यांपूर्वीच गेलाय."

"मग हा आलेख?" वयस्कर सदस्यांनी विचारलं.

"चूक झाली," सर म्हणाले. "माझी. बर्फ आधी लावायला हवा होता."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते सदस्य उठले, पेटीजवळ आले, बर्फावर हात ठेवला. "बर्फाचं सुचलं कसं तुम्हाला?"

"आमच्या घरी कायम असतो," सर म्हणाले.

त्या सदस्यांनी जाताना सरांचा हात बराच वेळ हातात धरला. मुदतवाढ अर्थातच मिळाली नाही.

मी सरांशी भांडले. कॉरिडॉरमध्ये, पोरं जात-येत असताना. "तुमचं काय सर, तुम्ही रिटायर होताय. माझं काय?"  त्यांनी खिशातून एक चकती काढली, बघितली, परत ठेवली. "तुझं वाईट झालं खरं," एवढंच म्हणाले. मला त्यांचा तो सभेतला आनंद सहन झाला नव्हता. स्वतःचं घर पडताना माणूस भिंत कशी पडते ते कौतुकाने बघतो, असं काहीतरी मी आईला त्या संध्याकाळी सांगितलं.  खरा राग कोणाचा आला होता ते मला माहीत होतं. ते घड्याळ मी बघितलं होतं.

मेच्या शेवटच्या दिवशी कळंबोलीचा गॅसवाला रिकामा सिलिंडर न्यायला आला. झडप बंद केल्यावर मोजे हळूहळू खाली गेले आणि काचेला लागून लोंबायला लागले. सरांनी उजवा पंजा हातात घेतला, दोनदा हलवला. काही विचारलं नाही. चपला घातल्या आणि गेले. मी दारातून बघत होते, पण हाक मारली नाही.

पुढे मी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात लागले. सात वर्षं डब्यांतल्या रंगाचा घट्टपणा मोजला. मोरा तासाभराच्या अंतरावर, पण गेले नाही. बाजारपेठेत चाचा दिसले की विचारत, "सर बरे आहेत?" मी म्हणायचे, "बरे आहेत." पुड्या ते अजूनही ठेवत होते. कोण नेणार, म्हणून एकदा मी नेल्या. त्या माझ्या कपाटात कितीतरी दिवस पडून होत्या.

मग जवळच्याच एका कंपनीने बॅटरीची छोटी प्रयोगशाळा काढली. घन चकतीवर काम केलेली माणसं त्यांना हवी होती, आणि आमच्या भागात तशी मी एकटीच निघाले. तिथे नवीकोरी पेटी होती. पहिल्या दिवशी आसपास कोणी नाही असं बघून मी तिच्या उजव्या मोज्याशी हात मिळवला. टणक होता.

चकत्या करायला दीड वर्ष गेलं. शेवटी एक सेल चालला. बुटकी, सपाट रेघ, दोन महिने, तीन महिने. हाताखालची मुलं खुश, वरचे साहेब पत्रक काढायच्या घाईत. मला झोप येईना. एका सकाळी मी कामावर जायच्या आधी पनवेलच्या मासळी बाजारात गेले.

वहिनी तिथेच होती, अगदी त्याच जागी, फक्त केस पांढरे झालेले. मी बर्फ मागितला.

"कवरा पायजे?" तिने विचारलं, मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "भावजींची पोरगी ना तू? बर्फवाली?"

"हो. सर कसे आहेत?"

"हायत. जेट्टीवर बसतान, येणाऱ्या-जाणाऱ्या लाँची बघतान. दुसरा धंदा काय हाय?" तिने पेटी भरली. पैसे घेईना. "त्यांना फोन कर गं. फोन हाय त्यांच्याकडं, कोण करत नाय."

तिने नंबर पाठ म्हणून दाखवला, मी हातावर लिहून घेतला.

प्रयोगशाळेत मुलांनी नाकं मुरडली. मी सेल पिशवीत बांधला, बर्फात पुरला, तारा जोडल्या आणि समोर बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.  मग रेघ जरा हलली. मला भास वाटला. पुन्हा हलली. आणि मग ती चढायला लागली, सावकाश, आपल्या वेळाने, कोणाचीही घाई नसल्यासारखी.

मी आधी इथल्या भट्टीवरचं घड्याळ बघितलं, वेळ बरोबर होती. मग फोन लावला.

पलीकडे लाँचच्या इंजिनाचा आवाज होता. "सर, मी बोलतेय."

"बोल बाय," ते म्हणाले. कालच भेटल्यासारखे.

"सर, बर्फ लावलाय."

इंजिनाचा आवाज लांब गेला. "मंग?"

"झोपला, सर."

त्यांनी तिकडे कोणाला तरी गलका थांबवायला सांगितलं. मग विचारलं, "लाईट हाय ना?"

 "आहे सर. बघितलं मी." आणि मग नऊ वर्षं अडकलेलं बाहेर पडलं. "त्या रविवारीसुद्धा होती."

"माहीत हाय मना," सर म्हणाले. "तू घाबरलेलीस. आता बोलू नको, तो जागा होईल."

मी बोलले नाही. फोन कानाला लावून बसले. तिकडे पाणी जेट्टीवर आपटत होतं, इकडे पंपाची घरघर होती, आणि आमच्यापैकी कोणीच फोन ठेवला नाही. अर्ध्या तासाने मी पिशवी बर्फातून काढून टेबलावर ठेवली. रेघ हळूहळू खाली उतरली आणि आपल्या जुन्या जागी येऊन थांबली.

"सर," मी म्हटलं, "उठला. चालतोय."